स्कीरवालचा वाकडा वासा

मित्रांनो, मी एक जुना वासा आहे. वासा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे छप्पर येईल, पण मी छपरात कधी गेलो नाही. शिडाच्या होडीची डोलकाठी करण्यासाठी मला आणलं होतं, तीही मी झालो नाही. मधोमध मला किंचित वाक आहे. माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते या वाकामुळे घडलं आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

आमचं गाव स्कीरवाल. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलंडातल्या इतर गावांसारखंच हेही जमिनीवर कमी आणि पाण्यात जास्त आहे. प्रत्येक शेताच्या कडेला पाण्याचा चर. शेजाऱ्याकडे जायचं तर एक तर लांबून पुलावरून जा, नाहीतर वासा घ्या, तो चरात रोवा आणि त्याच्यावर लोंबकळत पलीकडे पडा. वसंतात टिटवीची अंडी शोधायला निघालेले शेतकरी पूर्वीपासून हेच करत आले. पुढे कुणीतरी म्हणालं, माझी उडी तुझ्याहून लांब. दुसरा म्हणाला, दाखव. झाला खेळ. त्याला इथे फिअरल्येपन म्हणतात, म्हणजे लांब उडी घेणं.

हा खेळ दिसतो त्याहून वाईट आहे. कालव्याच्या मधोमध आम्ही पाण्यात उभे असतो. चिखलात रुतू नये म्हणून आमच्या पायाला लाकडाची गोल थाळी. खेळाडू फळ्यांच्या धक्क्यावरून धावत येतो, झेप घेऊन आम्हाला पकडतो, आणि आम्ही पलीकडे कलू लागलो की माकडासारखा वर वर चढत जातो. जेवढा वर चढेल तेवढा पलीकडच्या वाळूत लांब पडेल. घाबरून मिठी मारून बसला तर आम्ही मध्येच सरळ उभे राहतो. तिथे काही क्षण काहीच होत नाही. मग जे होतं ते पाण्यात होतं.

माझा जन्म मात्र इथला नाही. इथे वारा असा की झाडं वाढायच्या आधीच आडवी होतात. मी नॉर्वेतला. जहाजातून आलो आणि वोब्बे नावाच्या डोलकाठ्या करणाऱ्या सुताराच्या अंगणात पडलो. वोब्बेनं एक डोळा मिटून माझ्या लांबीवरून नजर फिरवली आणि वाक पाहिला. दुसऱ्या कुणी मला चुलीत घातलं असतं. त्यानं मला रंधा मारला, कातडीच्या तुकड्यानं घासलं, जवसाच्या तेलात भिजवलं, आणि दोन टोकांवर टेकवून माझ्या पोटावर स्वतः बसून पाहिलं. मी वाकलो आणि परत जागेवर आलो. तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "याहून वाईट असू शकतं."

मित्रांनो, इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं या चार शब्दांवर उभं आहे. आमच्या गावात "याहून वाईट असू शकतं" ही सर्वोच्च स्तुती आहे. हिच्यापुढे पायरी नाही. पोर पहिलं आलं, याहून वाईट असू शकतं. लग्नात नवरी दिसली, याहून वाईट असू शकतं. एखाद्याला उघडउघड चांगलं म्हणणं इथे अंगावरचे कपडे काढण्यासारखं मानतात. न्हाणीघरात ठीक, पण चारचौघांत नाही.

माझा पहिला स्वार रिन्से. तरुण, लांब हातांचा आणि कमी बोलणारा. माझ्यावरून त्यानं इतक्या स्पर्धा जिंकल्या की गावातल्या लोकांनी त्याच्याकडे बघून मान हलवायला सुरुवात केली. आमच्याकडे मिरवणूक याहून मोठी निघत नाही. पावसाळी शनिवारी तो मला कोरडं करून तेल लावायचा. मग ॲल्युमिनियमचे वासे आले. ते हलके, सरळ, एकसारखे. रिन्सेनं मला वोब्बेच्या अंगणात आणून टेकवलं, माझ्यावर एकदा हात फिरवला आणि गेला. काही वर्षांनी तो गावच्या उड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. माझी बढती वेगळ्या दिशेनं झाली. वोब्बेची भाची वित्स्के मला घेऊन गेली आणि वासरं बाहेर पडू नयेत म्हणून गोठ्याच्या दारात आडवं लावलं.

वासरांना खेळातलं काही कळत नाही. ती मला चाटायची. मीठ लागत असावं.

वित्स्केचं गावातलं काम ठरलेलं होतं. सकाळ-संध्याकाळ गाई, आणि स्पर्धेच्या दिवशी कालव्याकाठच्या खोपटात कॉफी. स्कीरवालमध्ये पुरुष उड्या मारत आणि बायका कॉफी ओतत. कॉफीसोबत एक बिस्कीट, मग डबा बंद. ओतणाऱ्याला बघायला वेळ भरपूर मिळतो. वित्स्केनं बारा-पंधरा उन्हाळे बघितलं. कोण उशिरा झेपावतो, कोण हात आधी सोडतो, कोण वर चढताना खाली बघतो, सगळं. आणि एका वसंतात, चाळिशीला टेकलेली ती बाई गोठ्यात आली, वासरांसाठी दाराला दोर बांधला आणि मला खांद्यावर घेतलं.

तिचा नवरा हेस्सल दारात पाईप ओढत होता.

"कुठे?" तो म्हणाला.

"पलीकडे."

"पूल आहे."

"माहीत आहे. रोज मीच जाते त्यावरून."

हेस्सलनं विचार केला. "जेवण?"

"भाकरीच्या डब्यात राय-पाव आहे. डबा तुला दिसत नाही असं म्हणू नकोस, गेल्या वर्षीही तिथेच होता."

त्या दिवशी मागच्या चरात ती पडली. दुसऱ्या दिवशीही पडली. चिखल, शेवाळ, एकदा तर एक नाराज बदक. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ती पायांना गुंडाळायची, म्हणजे लाकडावर पाय घसरत नाहीत. लोक नंतर सांगतात की ती पडायची तेव्हा आकाशाकडे बघून मुठी आवळायची. खोटं. ती शिंकायची. मग नाक पुसून परत धक्क्यावर जायची. मी जवळून पाहिलंय. जिद्द नावाची जी काही वस्तू असते ती दिसायला फारच साधी असते, आणि तिला बहुतेक वेळा सर्दी झालेली असते.

मला काय वाटत होतं, तेही सांगतो. मला राग आला होता. इतकी वर्षं वासरांनी चाटल्यावर माझ्या आत अजून ताण शिल्लक आहे हे मलाच माहीत नव्हतं, आणि ते शोधून काढायला कॉफीवाली बाई यावी लागली. ती मिठी मारून चढायची तेव्हा माझा वाक तिच्या वजनाखाली ओढला जायचा आणि सुटताना तिला पुढे फेकायचा. सरळ वाशाला हे जमत नाही. तिला ते दुसऱ्याच आठवड्यात कळलं. ती वाक पलीकडच्या बाजूला येईल असं मला फिरवून रोवू लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती पलीकडे गवतात उभी होती.

मग ती मंडळाच्या सभेला गेली. कॉफी घेऊन नाही, नुसतीच. तिथे काय झालं ते तिनं घरी येऊन हेस्सलला सांगितलं, आणि गोठ्याची भिंत पातळ होती.

रिन्से म्हणाला होता, "वित्स्के, बायकांनी उडी मारू नये असा काही नियम नाही आपला."

"मग झालं."

"नियम करायची वेळच आली नव्हती. आता येईल."

"रिन्सेकाका, मी पलीकडे जाते. तुम्ही बघा. मग काय नियम करायचाय तो करा."

शेवटी ठरलं ते असं. मोसमाच्या पहिल्या स्पर्धेला मोठ्या संघटनेचे निरीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर वित्स्केनं एक उडी घ्यायची. पलीकडे कोरड्या जमिनीवर पडली तर स्कीरवालमध्ये बायकांची स्पर्धा सुरू होईल. पाण्यात पडली तर हा विषय पुन्हा कुणीही, कधीही काढायचा नाही. तिच्यानंतरच्या कुणीही नाही.

"कबूल?" रिन्सेनं विचारलं.

"कबूल."

ॲल्युमिनियमचा वासा तिला कुणी देईना. एकाचा वाकला होता, एकाचा भावाकडे होता, एकानं तर स्वतःकडे वासाच नाही असं सांगितलं, आणि सांगताना तो त्याच्याच वाशाला टेकून उभा होता. म्हणून ती मला घेऊन आली. गाडीवरून उतरवताना रिन्सेनं मला पाहिलं. ओळखलं. 

निरीक्षक दक्षिणेकडचे होते. फान स्खाइक त्यांचं नाव, रेनकोट, बगलेत चामडी बॅग. गृहस्थ सज्जन होते, फक्त फ्रीसलंडात पहिल्यांदाच आले होते. त्यांनी मला आडवं ठेवायला सांगितलं, बोटानं वाजवून पाहिलं आणि माझा वाक बघून भुवई उचलली.

"हा वासा केला कुणी?"

"मी," वोब्बे म्हणाला. तो तेव्हा म्हातारा झाला होता आणि कॉफीच्या रांगेत पहिला उभा होता.

"कसा आहे? सुरक्षित आहे का?"

वोब्बेनं टोपी काढली. त्याच्या पाठीमागची माणसं बघायला पुढे सरकली, कारण वोब्बेनं टोपी काढलेली आठवणारं तिथे कुणी नव्हतं. तो म्हणाला, "याहून वाईट असू शकतं."

"असं?" फान स्खाइक म्हणाले. "ज्यानं केला तोच असं म्हणतो? अध्यक्ष, तुम्ही पूर्वी वापरलाय ना हा? तुमचं मत?"

आता बघा, मित्रांनो. रिन्सेला वित्स्केनं उडी मारायला नको होती, हे कालव्यातल्या माशांनाही माहीत होतं. पण माझ्याबद्दल खोटं बोलणं त्याला जमेना. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि जड आवाजात म्हणाला, "याहून वाईट असू शकतं. पुष्कळ."

एवढी स्तुती त्या काठावर त्याआधी कधी ऐकली गेली नव्हती. मी शहारलो. आणि फान स्खाइकनी बॅग बंद केली.

"दोघंही असं म्हणत असतील तर मी जबाबदारी घेणार नाही. वासा बाद."

सगळ्या काठाला कळलं की काय गोंधळ झालाय. कुणी बोललं नाही. कारण तो निस्तरायचा तर निरीक्षकांना समजावून सांगावं लागणार, आणि समजावून सांगायचं तर कुणाला तरी भर दुपारी, सगळ्यांदेखत, एखाद्या गोष्टीला चांगलं म्हणावं लागणार.

"कुणीतरी सांगा त्यांना," हेस्सल पुटपुटला.

"तू सांग की," शेजारचा म्हणाला.

"मी कसं सांगू? वासा माझ्या गोठ्यातला. मिरवतोय म्हणतील."

"मग वोब्बे सांगेल."

"त्यानं तर केलाय."

"मग कोण?"

"तेच विचारतोय."

हे चाललं असताना वित्स्के धक्क्याच्या टोकाशी बसून पायांना ट्यूब गुंडाळत होती. लाकडी बूट तिनं बाजूला नीट जोडून ठेवले. तिनं दोन माणसांना खूण केली, त्यांनी सवयीनं मला पाण्यात उभं केलं, आणि कुणी काही ठरवायच्या आत ती धावली.

मी तिला धरलं, म्हणजे तिनं मला. पण रागात माणूस झेप लवकर घेतो. ती अर्ध्यावर पोचली आणि मी सरळ उभा राहिलो. ना अलीकडे, ना पलीकडे. खाली दोन्ही काठांवर वर केलेले चेहरे, वर तिचा श्वास. मी ओढ घेऊन पाहिली, खरंच पाहिली. मग आम्ही बाजूला कललो आणि पाण्यात गेलो.

ती वर आली तेव्हा रिन्से काठावर उभा होता. आवाजात आनंद नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "झालं, वित्स्के. ठरल्याप्रमाणे विषय मिटला."

"कसला विषय?" ती गळ्यापर्यंत पाण्यात होती.

"उडी चुकली ना."

"कुठली उडी?"

"आत्ता मारलीस ती."

"रिन्सेकाका, वासा बाद आहे. बाद वाशावरची उडी तुम्ही धरता कशी? मी तर फक्त आंघोळ केली."

काठावर कुणीतरी हसू खोकल्यात लपवलं. फान स्खाइकनी बॅग उघडून नियमांचं पुस्तक काढलं. बराच वेळ वाचलं. "बाई म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "ही उडी झालेली नाही. पण वासा बाद असेपर्यंत पुढचीही होणार नाही."

वित्स्के काठाला धरून म्हणाली, "साहेब, ही माणसं त्याचं कौतुक करत होती."

"कौतुक? याहून वाईट असू शकतं, हे?"

"इथे याच्यापुढे शब्द नाही."

"मग अध्यक्षांनी मला समजेल अशा भाषेत सांगावं. वासा चांगला आहे की नाही?"

सगळे रिन्सेकडे बघू लागले. त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं, आणि तो विषय जन्मभरासाठी मिटला असता. गप्प राहण्यात तर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो पाण्यात आडव्या पडलेल्या माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या मानेवर लाल रंग चढत गेला, कानांपर्यंत.

"चांगला आहे," तो म्हणाला. मग, जणू एकदा कपडे उतरलेच आहेत तर उतरू देत, "फार चांगला आहे. मी याच्याहून चांगला वासा पाहिला नाही."

खोपटात एक कप फुटला. वोब्बेनं टोपी परत घातली आणि ती डोळ्यांवर ओढली. रिन्सेच्या बायकोनं घरी गेल्यावर त्याचा ताप बघितला म्हणतात.

"वासा मान्य," फान स्खाइक म्हणाले.

वित्स्केच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. लोकर भिजली की माणसाएवढी जड होते. तिनं काठावरची वाळू तळहातांना चोळली. मला फिरवून, वाक पलीकडे करून, रोवायला लावलं. मग ती उभी राहिली आणि धावली नाही. श्वास बसेपर्यंत थांबली. लोकांना वाटलं ती घाबरली. मला माहीत होतं, ती राग उतरायची वाट बघतेय.

या वेळी तिनं मला पकडलं ते बरोबर वेळेला. हात, पाय, हात, पाय. ओल्या ट्यूबा माझ्या अंगावर करकरत होत्या. सरळ उभं राहण्याची ती घातकी जागा आली, आणि ती चढतच राहिली, खाली न बघता. माझा वाक पूर्ण ताणला गेला. आत कुठेतरी कडाड् झालं. मी तडकलो होतो, मित्रांनो, बोटभर लांब. मोडणं मला सोपं होतं. मी मोडलो नाही. मी सगळं बळ सोडलं आणि तिला फेकलं.

ती वाळूत पडली. दोन्ही पाय, मग गुडघे, मग तोंड.

फान स्खाइक पुलावरून फिरून पलीकडे गेले आणि तिच्याभोवती साचलेल्या डबक्याकडे बघून घुटमळले. "नियमात कोरडं असं म्हटलंय," ते म्हणाले. "आणि या बाई तर..."

"कोरडी जमीन म्हटलंय," अलीकडच्या काठावरून रिन्सेचा आवाज आला. "बाई कोरडी हवी असं कुठे लिहिलंय? दाखवा."

लिहिलेलं नव्हतं.

वित्स्केनं तोंडातली वाळू थुंकली आणि विचारलं, "कॉफी कोण बघतंय?" कुणीच बघत नव्हतं. त्या दिवशी ती पुरुषांनी केली. त्या कॉफीविषयी गावात आजही कुणी बोलत नाही.

पुढच्या मोसमात सात बायका उतरल्या. सहा पाण्यात पडल्या आणि सहाही परत आल्या. माझा तडा वोब्बेनं डांबरी दोऱ्यानं बांधला, आणि वित्स्के माझ्यावरून पुढे कितीतरी वर्षं उडत राहिली. जिंकली थोडी, हरली पुष्कळ.

मग मी थकलो असं लोकांनी ठरवलं. मला मंडळाच्या नव्या इमारतीत, कॉफीच्या यंत्राच्या वर, गरम हवेच्या नळाला खेटून टांगलं. आता शहरातून टाय लावलेली माणसं येतात, कंपन्यांची नोकरमंडळी समोर बसवतात आणि माझी गोष्ट सांगतात. त्यांच्या गोष्टीत वित्स्के रडते. कधीकधी संगीतही असतं. ऐकणारे भारावतात, डोळे पुसतात, एकाऐवजी दोन बिस्किटं खातात आणि जिथून आले तिथेच, तसेच परत जातात. कुणीही कालव्याकडे वळत नाही. तो खिडकीतून दिसतो.

गेल्या महिन्यात मंडळानं मला काचेच्या लांब पेटीत ठेवायचं मनावर घेतलं. म्हणजे जपणूक होईल. सभेला वित्स्केही आली होती. आता तिला चालायला काठी लागते.

"काचेत त्याला ठेवणार असाल तर आधी मला ठेवा," ती म्हणाली. "मीही तडकलेय."

नवी अध्यक्षा तिच्याच वेळच्या एका उडीवालीची मुलगी. ती समजुतीनं म्हणाली, "मावशी, मग काय करायचं त्याचं?"

"पाण्यात उभा करा."

"मोडेल हो तो."

"मोडू दे. मोडला तर कुणाच्या तरी हातात मोडेल. भिंतीवर वाळून मरतोय त्याचं काय?"

 निर्णय अजून झालेला नाही. आमच्याकडे निर्णय चिखलासारखे हळू बसतात.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगतो. तुमच्याही घरात, शाळेत, मैदानाच्या कोपऱ्यात माझ्यासारखं काहीतरी असेल. शिवण उसवलेला चेंडू, सैल झालेली रॅकेट, उडीचा जुना खड्डा. त्याची काळजी घ्या, पण फुलं वाहून नको. मला जवसाचं तेल लागतं, डांबरी दोरा लागतो, आणि त्याहून जास्त, पायांना ट्यूब गुंडाळलेलं, सर्दी झालेलं माणूस लागतं. माझी गोष्ट ऐकून छातीत काही हललं असेल तर टाळ्या वाजवू नका. तुमचे हात मला रिकामे हवेत.